पांढऱ्या स्टँडमधली पहिली ट्यूब

"आज उजवा हात घ्या," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी बाही वर सरकवली.

दळवी सिस्टर रबरी पट्टा हातात धरून थांबल्या. "उजवा? इतकी वर्षं डावाच देताय की."

"डावा भरून आलाय. रविवारी बॅडमिंटन जरा जास्तच झालं."

"या वयात कशाला हवंय ते बॅडमिंटन?"

"सिस्टर, रक्त काढा. वय नका काढू."

आम्ही सगळे हसलो. सिस्टरही हसल्या आणि सुई टोचली. गडद लाल रक्त ट्यूबमध्ये चढलं. मी ट्यूबवर चिठ्ठी लावली आणि ती पांढऱ्या स्टँडच्या पहिल्या खाचेत ठेवली. ती खाच मॅडमची. मी या लॅबमध्ये यायच्याही आधीपासूनची.

मॅडम म्हणजे डॉ. हेमलता कर्णिक, माझ्या पीएचडीच्या गाइड. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत त्यांची लॅब होती. स्तनाच्या कॅन्सरच्या गाठीत आपल्याच शरीराच्या संरक्षक पेशी शिरतात, त्या आत जाऊन नेमकं काय करतात, हे शोधण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पन्नाशी ओलांडलेली, काटक, बोलायला फटकळ बाई. मीही उज्ज्वला माने, इस्लामपूरची, बोलायचं ते तोंडावर. त्यामुळे आमचं दिवसातून एकदा वाजायचं आणि संध्याकाळपर्यंत मिटायचं.

काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रक्तातल्या काही पेशींचं कामच मुळी खाण्याचं असतं. जंतू, मेलेल्या पेशी, जे नको ते त्या गिळून टाकतात. मॅडम त्यांना पहारेकरी म्हणायच्या. समोर कॅन्सरच्या पेशी आल्या तर पहारेकऱ्यांनी त्याही खायला हव्यात, आणि सुरुवातीला खातातही. पण गाठीत राहता राहता ते फितूर होतात. खायचं सोडून गाठीलाच खाऊपिऊ घालतात, तिच्यासाठी नव्या रक्तवाहिन्या आणतात. दुसऱ्या काही पेशी, ज्यांना आम्ही मारेकरी म्हणायचो, त्या गाठ मारायला आल्या तर त्यांना दारातच अडवतात. चोराला घरात घेऊन पोलिसांना बाहेर उभं करणारा वॉचमन, असं मी आईला समजावलं होतं. आई म्हणाली, "मग त्याला नोकरीवरून काढा की." तेवढं सोपं असतं तर माझी पीएचडी कधीच झाली असती.

आमचं म्हणणं असं होतं की ही फितुरी गाठीच्या आतच नाही, बाहेर रक्तातही दिसते. ते दाखवायचा प्रयोग साधा. काचेच्या डिशमध्ये कॅन्सरच्या पेशींचा थर वाढवायचा, त्यांना हिरवा रंग द्यायचा. त्यावर रक्तातून काढलेले, लाल रंग दिलेले पहारेकरी सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचं. रक्त निरोगी बाईचं असेल तर हिरवं खाल्लेलं, जागोजागी काळी भोकं. रुग्ण बाईचं असेल तर सगळी हिरवळ जशीच्या तशी. रुग्णांच्या ट्यूब पिवळ्या स्टँडमध्ये, निरोगी बायकांच्या पांढऱ्या. निरोगी रक्ताला कंट्रोल म्हणतात, म्हणजे ज्याच्याशी बाकी सगळं ताडून बघायचं ते. आणि आमच्याकडे सगळं ताडून बघायचं ते मॅडमच्या रक्ताशी. असं सगळ्याच लॅबमध्ये चालतं. लोक शोधत कुठं फिरणार? लॅबमधलंच कुणीतरी हात पुढं करतं.

पेपर तपासणाऱ्यांनी ताज्या रक्तावर प्रयोग पुन्हा करायला सांगितला होता. तो जमला तर पेपर, आणि पेपर झाला तर माझी पीएचडी. कंट्रोल नीट निघालं पाहिजे, एवढाच मला घोर होता.

तो घोर तसा नावापुरताच, कारण मॅडमचं कंट्रोल कधी चुकतच नसे. त्या हिवाळ्यात तर त्यांना एक नवीनच खोड लागली होती. प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याही आधी त्या मायक्रोस्कोपपाशी हजर.

"माझी दाखव," त्या म्हणायच्या.

मी त्यांची डिश लावायची. भोकंच भोकं. "वाघ आहेत मॅडम तुमच्या पेशी! ही हिरवळ बघा, चट्टामट्टा केलीय."

त्या बराच वेळ डोळा लावून बसायच्या. मग मोठा श्वास सोडून उठायच्या. "चल, चहा पाजते तुला." कँटीनमध्ये चहाबरोबर खारीसुद्धा. या वयात बाईंना स्वतःच्या पेशींचं भलतंच कौतुक आलंय, असं मी निशीला म्हटलंही होतं. निशी म्हणजे निशिकांत बोरकर, आमचा सिनियर. तो म्हणाला, "खारी मिळतेय ना? मग गप खा."

उजव्या हाताचं रक्त घेतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम अशाच येऊन उभ्या राहिल्या.

"माझी दाखव."

मी डिश लावली, स्वतः आधी डोळा लावला आणि बघतच राहिले. हिरवं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं हिरवं. पहारेकरी होते, लाल ठिपके मला दिसत होते. पण ते हिरव्या पेशींना खेटून स्वस्थ बसले होते.

"काय झालं?"

"काही नाही मॅडम, दुसरीच डिश लागली बहुतेक."

मी झाकणावरचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. डिश त्यांचीच होती.

त्यांनी मला बाजूला केलं आणि डोळा लावला. किती वेळ त्या तशाच होत्या कोण जाणे. वर बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, संताप आहे. आणि तो आलाही.

"हात कुठं होते तुझे? रुग्णाची ट्यूब इकडे घातलीस! इतकी वर्षं शिकवून हे?"

"मी नाही घातली. पिवळा स्टँड टेबलाच्या त्या टोकाला होता, मॅडम."

"मग हे काय आहे? माझ्या पेशी संपावर गेल्या?"

"मला काय माहीत?"

"तुला माहीत नसेल तर कुणाला असणार? पुन्हा कर!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते अपमानाचं होतं. ही बाई माझ्यावर ओरडली होती खूपदा, पण माझ्या हातावर तिनं संशय कधी घेतला नव्हता.

पुन्हा केलं. या वेळी इरेलाच पेटले होते. त्यांच्या दंडाला पट्टा बांधल्यापासून मी तिथून हलले नाही. ट्यूब माझ्या मुठीत, चिठ्ठीवर माझी सही. पेशी काढल्या मी, सोडल्या मी. शेजारी माझ्या स्वतःच्या रक्ताचीही एक डिश लावली, नुसती खात्रीसाठी. इन्क्युबेटरचं दार लावताना निशीला म्हटलं, "आता जर कुणी या दाराला हात लावला ना, तर हात तोडीन."

सकाळी माझ्या डिशमध्ये भोकं होती. मॅडमच्या डिशमध्ये हिरवळ.

मॅडमनी या वेळी मायक्रोस्कोपला डोळासुद्धा लावला नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "फेकून दे ते. उद्यापासून कंट्रोल तुझं रक्त."

"फेकून दे?"

"ऐकू येत नाही का?"

त्या केबिनमध्ये निघून गेल्या आणि मी तोंड वासून उभी. जी बाई बुरशी लागलेली डिशसुद्धा कारण कळेपर्यंत टाकू देत नसे, ती म्हणते फेकून दे!

"मला हे पटत नाही," मी निशीला म्हटलं. "ट्यूब तीच. औषधं तीच, कारण माझी डिश त्याच औषधांवर नीट आलीय. हिरव्या पेशीही त्याच. मग बदललं काय?"

निशी पेन हलवत बसला होता. त्याचं पेन थांबलं.

"काय रे?"

"काही नाही."

"बोल की!"

"उज्ज्वला," तो हळू आवाजात म्हणाला, "औषध बदललं नाही, पेशी बदलल्या नाहीत, तू बदलली नाहीस. मग राहिलं कोण?"

आधी मला कळलंच नाही. मग एकदम कळलं. उजवा हात. भरून आलेला डावा. टेबलाची कड धरून मी स्टुलावर बसले. इतके दिवस चूक शोधत होतो ती ट्यूबमध्ये, हातात, औषधात. रक्त चुकीचं नाही, ते खरंच तसं आहे, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. कंट्रोल म्हणजे निरोगी, हे आम्ही इतकं गृहीत धरलं होतं की ते एक जिवंत माणूस आहे हेच विसरलो होतो.

"तू सांग त्यांना," मी म्हटलं.

"मी? मी पुरुषमाणूस, मी काय सांगू? तुझं ऐकतात त्या."

मी केबिनचं दार वाजवलं तेव्हा मॅडम डबा उघडून बसल्या होत्या. मेथीची भाजी, पोळी. घास एकही घेतलेला दिसत नव्हता.

"मॅडम, तुम्ही एकदा डॉक्टरांना दाखवा."

"कशासाठी?"

"तुमची डिश... तुमची डिश पिवळ्या स्टँडमधल्यांसारखी दिसतेय."

त्या हसल्या. अगदी मोकळ्या हसल्या. "एका डिशवरून निदान? परीक्षेत असं लिहिलंस ना, तर मी स्वतः नापास करीन तुला. अगं, साधी सर्दी झाली तरी या पेशी अशा वागतात. प्रयोग आहे तो, तपासणी नव्हे."

बरोबर बोलत होत्या. विज्ञान म्हणून शब्दन् शब्द बरोबर होता. पण माझा स्वभाव आडवा आला.

"मग सर्दी झालीय का तुम्हाला?"

त्यांचं हसू गेलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, ते तिरकं बसलं, पुन्हा काढून नीट लावलं.

"दार लाव," त्या म्हणाल्या.

मी लावलं.

"दिवाळीत लागली हाताला. अभ्यंगाचं तेल लावताना. डाव्या बाजूला, खाली."

माझा कानांवर विश्वास बसेना. "दिवाळीत? मॅडम, आता होळी आलीय! तुम्हाला माहीत होतं?"

"मला नाही कळणार तर कुणाला कळणार?"

"मग गेला का नाहीत?"

"माझी ताई याच आजारानं गेली. तिच्या उशाशी मीच होते. सुई बघितली की ती रडायची, इतकी मोठी बाई." त्या खिडकीकडे बघत होत्या. "दुसऱ्यांच्या गाठी मी रोज कापते, मोजते, रंगवते. स्वतःच्या गाठीला मी दुसऱ्यांदा हातसुद्धा लावला नाही. घाबरले गं मी. साधी सरळ घाबरले."

"आणि आम्हाला रक्त देत राहिलात? निरोगी म्हणून?"

"हो. पांढऱ्या स्टँडमध्ये होते तोवर मी निरोगी होते."

मग त्या जे बोलल्या, ते आजही आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो.

"दिवाळीनंतर पहिला प्रयोग झाला, तेव्हा ठरवलं होतं. डिश खराब निघाली तर त्याच दिवशी डॉक्टरकडं जायचं. तू माझी डिश लावलीस. भोकंच भोकं. वाघ आहेत तुमच्या पेशी, म्हणालीस. मी घरी गेले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा शांत झोपले. मग पुढचा प्रयोग, पुन्हा तेच. माने म्हणते मी निरोगी आहे, मग मी निरोगी आहे. मला दुसरं काही नको होतं."

तो चहा. ती खारी. तो मोठा सोडलेला श्वास. मी बाईंचं कौतुक समजत होते, आणि ती बाई दर वेळी माझ्या तोंडून स्वतःचा निकाल ऐकायला येत होती. तो प्रत्येक चट्टामट्टा ऐकून ती डॉक्टरकडं न जाता घरी गेली होती. गाठ मात्र वाढतच होती.

"मॅडम, तुम्हीच म्हणता ही तपासणी नव्हे!"

"म्हणते ना. विद्यार्थ्यांना म्हणते." त्यांचा आवाज पहिल्यांदा फुटला. "त्या दिवशी तुझ्यावर ओरडले ना, तेव्हासुद्धा मनात एकच होतं, देवा, हिनं खरंच ट्यूब बदललेली असू दे."

मी रडायला लागले. त्या रडल्या नाहीत. उलट कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांच्यातल्या गाइडला अचानक काहीतरी आठवलं.

"अगं, म्हणजे आपला पेपरही गेला की."

"काय?"

"दिवाळीपासूनचं प्रत्येक कंट्रोल एका रुग्णाचं आहे. आणि गाठ असूनही त्या डिश स्वच्छ आल्या होत्या. म्हणजे आपण म्हणतो तसं रक्तात सरळसोट काही दिसत नाही. मीच माझा पेपर पाडला बघ." आणि त्या चक्क हसल्या.

"खड्ड्यात गेला तो पेपर! आधी उठा तुम्ही!"

गाइडशी असं बोलायचं नसतं. पण त्या उठल्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "आणि ऐक. आता कंट्रोल तू. रक्त द्यायच्या आधी स्वतःला तपासून घे. डिशवर विसंबू नकोस."

त्याच दुपारी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. गाठ काखेपर्यंत पोचली होती. डॉक्टरीणबाई भल्या होत्या, रागावल्या नाहीत. फक्त एकदा म्हणाल्या, "दिवाळीतच आला असतात तर." मॅडमनी मान हलवली, जणू कुणा तिसऱ्याच बाईबद्दल बोलणं चाललं होतं.

ऑपरेशन झालं. औषधांनी त्यांना पुढं बरीच वर्षं दिली. जेवढी मिळायला हवी होती तेवढी मात्र नाही. पेपर आम्ही मागे घेतला, प्रयोग नव्यानं मांडले, माझी पीएचडी लांबली. या कशाचंच मला तेव्हा काही वाटलं नाही.

औषधं चालू असतानाच एका सकाळी मॅडम लॅबमध्ये आल्या. डोक्याला निळा रुमाल, भुवया गेलेल्या. त्यांच्या गाठीचा तुकडा त्यांनी स्वतः सही करून लॅबला दिला होता, आणि मी त्याच्या स्लाइड केल्या होत्या. त्या स्टुलावर बसल्या.

"माझी दाखव."

तेच शब्द, तोच सूर.

"नाही मॅडम. आज नको."

"लाव. आणि वाच. परक्या बाईची वाचतेस तशी वाच."

दोघींना एकदम बघता येईल असा मायक्रोस्कोप होता तो. मी स्लाइड लावली आणि वाचायला लागले. गाठीच्या आत पहारेकरी आहेत, पुष्कळ आहेत. खात नाहीत. त्यांच्या आजूबाजूला नव्या रक्तवाहिन्या आहेत. मारेकरी पेशी...

"थांबलीस का? मारेकरी किती आहेत?"

"खूप आहेत, मॅडम."

"कुठं?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण समोर त्यांचाही डोळा लागलेला होता.

"बाहेर. सगळ्या कडेला उभ्या आहेत. आत एकही नाही."

मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. "कळलंय त्यांना. दारापर्यंत आल्यात. पण आत पाऊल टाकत नाहीत." मग डोळा काढून म्हणाल्या, "माझ्याच आहेत, दुसऱ्या कुणाच्या असणार!"

निशी कपाटाकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. मॅडम उठल्या आणि सिस्टरनी थोड्या वेळापूर्वी काढलेली त्यांची ट्यूब स्वतः उचलून पिवळ्या स्टँडच्या पहिल्या खाचेत ठेवली. पांढऱ्या स्टँडची पहिली खाच रिकामी होती. सिस्टर पट्टा घेऊन माझी वाट बघत होत्या. मी बाही वर केली.

"माने, तू तपासून आलीस?" मॅडमनी विचारलं.

मी दंड सिस्टरपुढं केला.

"मी काय विचारतेय?"

गेले नव्हते. खरंच गेले नव्हते. सगळं डोळ्यांनी बघून, त्यांच्या पलंगाशी बसून, गाठीचे पापुद्रे माझ्या हातानं काचेवर ठेवूनसुद्धा. आज स्लाइड, उद्या सेमिनार, परवा गावाला जायचंय. आणि खरं सांगायचं तर आंघोळ करताना माझा हात आताशा एका ठरावीक जागी जातच नव्हता.

"काही लागलंय का हाताला?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"बघितलंच नाही, मॅडम. भीती वाटते."

मी मान खाली घातली. आता ही बाई आकाशपाताळ एक करणार, असं वाटलं. त्या ओरडल्या नाहीत. माझी बाही खाली ओढली, माझी ओढणी नीट केली, आपली पर्स उचलली आणि उजव्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं.

"चल."

"आत्ता? रक्त काढायचंय, प्रयोग..."

"मग काय, दिवाळीत जायचं?"